पीव्हीपी हे पॉलिमर घालूनही सोन्याच्या नॅनोकणांचा आकार दर वेळी वेगळा येतो, नेमकं काय सांभाळायचं?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पाण्यात सोन्याचे नॅनोकण करायचेत. ५, १५ आणि ३० नॅनोमीटर असे तीन आकार हवेत, आणि तिन्ही पॉलिमरने स्थिर केलेले, कारण पुढे ते मिठाच्या द्रावणात वापरायचे आहेत.

सध्याची पद्धत अशी: १०० मिली डिस्टिल्ड पाणी, त्यात १० मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल २.५ मिली, ढवळत ०.१ मोलर सोडियम बोरोहायड्राइड २ मिली, आणि रंग आल्यावर १ टक्का पीव्हीपी के-३० चं द्रावण ५ मिली. रंग कधी लाल यायलाय, कधी जांभळट. यूव्ही-व्हिजिबलमध्ये (प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रात) शिखर ५१८ पासून ५४५ नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत कुठेही. पीव्हीपी वाढवलं की कण लहान होतात असं वाचून ते १० मिली करून पाहिलं, फार फरक नाही. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणाऱ्या यंत्रावर) आकार ६० ते ८० नॅनोमीटर दिसतो.

पीव्हीपी आणि सोन्याचं प्रमाण किती ठेवायचं? आणि एकाच पद्धतीत फक्त पॉलिमर कमीजास्त करून तिन्ही आकार मिळतील का? टीईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) बाहेर पाठवावं लागतं, त्यामुळे प्रत्येक नमुना तपासणं परवडत नाही.

---

देवगिरी_केम

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही मिळणार. आकार क्षपणक (विरघळलेल्या सोन्याचा धातू करणारा पदार्थ, तुमच्याकडे बोरोहायड्राइड) ठरवतो, म्हणजे सुरुवातीला किती केंद्रकं (कणांचे पहिले अंकुर) एकदम तयार होतात यावर सगळं अवलंबून असतं. पॉलिमर त्या आकाराला कुलूप लावतं, कण एकमेकांना चिकटू देत नाही. ५ नॅनोमीटर बोरोहायड्राइडने, १५ सायट्रेटने, आणि ३० करायला १५ चे तयार कण बीज म्हणून घेऊन त्यांवर सोनं चढवायचं. तिन्हींसाठी वेगळे रस्ते आहेत.

आता तुमच्या पद्धतीतली खरी अडचण. तुमचं पीव्हीपी कमी नाही, उशिरा पडतं. बोरोहायड्राइड घातल्यावर सोनं काही सेकंदांत क्षपित होतं आणि त्याच क्षणी उघडे कण एकमेकांवर आदळून जुळायला लागतात. तुम्ही रंग येईपर्यंत थांबता, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नंतर घातलेलं पीव्हीपी त्या जुळलेल्या कणांनाच छान स्थिर करतं. म्हणून ५ चे १० मिली करून काही बदललं नाही.

प्रमाण टक्क्यात मोजू नका. पीव्हीपीच्या साखळीतल्या एका एककाचं वजन १११ धरा आणि सोन्याच्या एका मोलमागे किती एकक मोल ते काढा. तुमचे १ टक्क्याचे ५ मिली म्हणजे ५० मिग्रॅ, म्हणजे ४५० मायक्रोमोल एककं. सोनं २५ मायक्रोमोल. प्रमाण १८:१, ते ठीकच आहे. साधारण २०:१ ते ४०:१ या पट्ट्यात काम करा. ५:१ च्या खाली गेलात तर पृष्ठभाग पुरेसा झाकला जात नाही आणि कण मोठे, वेडेवाकडे येतात. एका मर्यादेपुढे पृष्ठभाग भरलेलाच असतो, जास्तीचं पीव्हीपी पाण्यात नुसतं तरंगतं आणि पुढे धुताना डोकेदुखी करतं. १००:१ घेऊन, बर्फात, जोरात ढवळून एकदम बोरोहायड्राइड ओतलं तर कण २ नॅनोमीटरच्याही खाली जातात. मग द्रावण तपकिरी दिसतं आणि ५२० चं शिखरच नाहीसं होतं. ते बघून प्रयोग फसला असं समजू नका, इतक्या लहान कणाला प्लाझ्मॉन पट्टा, म्हणजे ते ५२० चं शोषण, नसतोच.

५ च्या आसपासच्या कणांसाठी, एकूण १०० मिली:

पाणी ९०.६ मिली. त्यात ताजं १ टक्का पीव्हीपी के-३० चं द्रावण ५.६ मिली (२०:१). १० मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल २.५ मिली. बर्फाच्या टबात ठेवून १५ ते ३० मिनिटं ढवळा, पण रात्रभर ठेवू नका. पीव्हीपीच्या टोकाला हायड्रॉक्सिल गट असतात, ते स्वतःच सोनं हळूहळू क्षपित करतात. पिवळा रंग फिका पडत गेला तर समजा नकोशी बीजं आधीच तयार झाली. मग ढवळण्याचा वेग ६०० ते ८०० आरपीएम करून ०.१ मोलर बोरोहायड्राइड १.२५ मिली एका झटक्यात घाला, थेंब थेंब नाही. सोन्याच्या पाचपट मोल होतात, तेवढे पुरतात. थेंबाथेंबाने घातलं की पहिल्या थेंबाची केंद्रकं वाढत राहतात आणि पुढचे थेंब नवी केंद्रकं करतात, म्हणजे आकारांची खिचडी.

रंग लालसर तपकिरी यायला हवा, गर्द लाल नव्हे. शिखर ५०५ ते ५१८ मध्ये, रुंद आणि बुटकं. बाटलीचं झाकण पहिली रात्र सैल ठेवा, उरलेल्या बोरोहायड्राइडमधून हायड्रोजन निघत राहतो.

---

काचपात्र

वरच्या उत्तराशी सहमत, पण एकाच रेसिपीला एक दिवस ५१८ आणि दुसऱ्या दिवशी ५४५ येतं यामागे क्रमाशिवाय आणखी तीन कारणं असू शकतात. या भागात मी तीच आधी तपासतो.

पहिलं बोरोहायड्राइड. ते पाण्यात पडल्यापासून विघटित होत असतं आणि पाणी कोमट असेल तर फार लवकर. मे महिन्यात प्रयोगशाळेतलं पाणीच ३५ अंशांचं असतं. सकाळी करून ठेवलेलं द्रावण दुपारी ०.१ मोलर राहत नाही. ३८ मिग्रॅ पूड कोरडी तोलून ठेवा, १० मिली बर्फाळ पाणी अगदी वापरायच्या वेळी घाला, पाच मिनिटांत संपवा. पूड दमट होऊन तिचे गोळे झाले असतील तर ती बाटलीच बदला.

दुसरं पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, आणि उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की उगमच दर आठवड्याला बदलतो. डिस्टिलेशनच्या भांड्यात क्षार साचलेले असतील तर उकळताना त्याचे तुषार वाफेबरोबर पलीकडे जातात. लोक क्लोराइडला घाबरतात, पण तुमच्या ०.२५ मिलिमोलर द्रावणात क्लोराइड तसंही १ मिलिमोलर आहे. खरा त्रास कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचा. कॅल्शियम सायट्रेटच्या कणांना एकमेकांना जोडतं, बायकार्बोनेट पीएच वर नेतं. पीएच वाढला की क्लोरोऑरेटमधल्या क्लोराइडच्या जागी हायड्रॉक्साइड बसतं आणि क्षपणाचा वेग मंदावतो. आकार हलला तो इथेच. कंडक्टिव्हिटी मीटर प्रत्येक विभागात असतो. २ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीच्या वर असेल तर दोनदा डिस्टिल करा. १८.२ मेगओहमचं पाणी जवळच्या एखाद्या संस्थेतून कॅनमध्ये आणता आलं तर उत्तम, पण महिनाभर साठवू नका. आणि टबातल्या बर्फाचं पाणी बीकरमध्ये उडू देऊ नका, तो बर्फ बोअरच्याच पाण्याचा असतो.

तिसरं काच. जुन्या बीकरला आतून चिकटलेलं सोनं हे तयार बीज आहे. अम्लराज, म्हणजे तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक आणि एक भाग संहत नायट्रिक, फ्यूम हुडमध्येच, ताजं करून. भांडं आणि चुंबकीय पट्टी दोन्ही बुडवा. पट्टीवरच्या ओरखड्यांत सोनं बसतं आणि ती धुवायची राहून जाते. नंतर शुद्ध पाण्याने दहा वेळा तरी विसळा. अम्लराज झाकण लावून साठवायचं नाही, आणि अ‍ॅसिटोनने विसळलेल्या ओल्या भांड्यात तर अजिबात ओतायचं नाही.

क्लोरोऑरिक आम्ल हवेतली ओल शोषतं, म्हणून त्यातलं थोडं थोडं तोलायच्या भानगडीत पडू नका. १ ग्रॅमची कुपी आली की सगळी एकदम २५.४ मिली पाण्यात विरघळवा, १०० मिलिमोलरचा साठा झाला (ट्रायहायड्रेट धरून). त्यातून १० मिलिमोलर करा. बाटली तपकिरी, वर फॉइल, फ्रीजमध्ये. धातूचा चमचा लावला तर चमच्यावर सोनं चढेल आणि द्रावणाची तीव्रता कळेनाशी होईल.

---

सोलजेल

१५ आणि ३० बद्दल मी लिहितो.

१५ साठी सायट्रेटची जुनी पद्धत सोडू नका. तुर्केविच यांनी १९५१ मध्ये ती मांडली आणि फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये सायट्रेट कमीजास्त करून आकार बदलून दाखवला. ५० मिली ०.०१ टक्का क्लोरोऑरिक आम्ल (म्हणजे तुमचंच ०.२५ मिलिमोलर) उकळी आणायचं आणि १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट एकदम घालायचं. फ्रेन्सचे आकडे: १ मिलीला १६ नॅनोमीटर, ०.७५ ला २५, ०.५ ला ४१, ०.३ ला ७२ च्या आसपास. सायट्रेट जितकं कमी तितका कण मोठा, पण २५ च्या पुढे कण लांबट यायला लागतात आणि आकार पसरतो. म्हणून ३० थेट सायट्रेटने करू नका.

कंडेन्सर लावून उकळा, नाहीतर पाणी उडून तीव्रता बदलते. रंग आधी जातो, मग करडा निळा, मग जांभळा, मग लाल. लाल आल्यावरही १५ मिनिटं उकळत ठेवा आणि ढवळतच थंड करा. वीज जायची वेळ असेल तर हे काम सुरूच करू नका, मधेच ढवळणं थांबलं तर ती बॅच गेली.

पॉलिमर यात उकळताना घालायचं नाही. सुरुवातीपासून पीव्हीपी असेल तर ते नव्या केंद्रकांवर बसतं आणि फ्रेन्सचे आकडे लागू राहत नाहीत. द्रावण थंड झालं की मग पॉलिमर.

तुम्हाला मिठात वापरायचेत, तर पीव्हीपीपेक्षा थायॉल (गंधकाचा गट) लावलेलं पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घ्या. पीव्हीपी कार्बोनिलच्या ऑक्सिजनने सोन्याला हलकंच धरतं, वारंवार धुतलं किंवा द्रावणात दुसरं थायॉल आलं की सुटतं. गंधकाचं बंधन घट्ट असतं. साधं पीईजी, टोकाला थायॉल नसलेलं, आणून पैसे घालवू नका. ते फारसं धरत नाही.

किती लागेल याचा हिशेब: १५ नॅनोमीटरच्या एका कणाचं आकारमान १७६७ घन नॅनोमीटर. घन सोन्यात एका घन नॅनोमीटरमध्ये ५९ अणू, म्हणजे एका कणात एक लाखाच्या थोडे वर. ०.२५ मिलिमोलर सोन्याला त्याने भागलं की कणांची तीव्रता २.४ नॅनोमोलर. एका कणाचा पृष्ठभाग ७०७ चौरस नॅनोमीटर. चौरस नॅनोमीटरमागे एक साखळी धरली तर १.७ मायक्रोमोलर लागतं. पाच-सहापट जास्त घ्या, १० मायक्रोमोलर. ५००० वजनाचं पीईजी-थायॉल असेल तर १०० मिलीला फक्त ५ मिग्रॅ. ताजं विरघळवून घाला, रात्रभर हळू ढवळा. थायॉलचं द्रावण साठवलं तर दोन-दोन जुळून डायसल्फाइड होतं आणि काम मंदावतं.

३० साठी बीजवाढ. व्यास दुप्पट म्हणजे सोनं आठपट, इथेच बहुतेक हिशेब चुकतात. १५ चं १० मिली बीजद्रावण घ्या, त्यात सोनं २.५ मायक्रोमोल. आणखी १७.५ मायक्रोमोल हवं, म्हणजे १० मिलिमोलरचं १.७५ मिली. ते पाण्याने १५ मिली करून ठेवा. बीकरमध्ये बीज १० मिली, पाणी ४७.१ मिली, १ टक्का पीव्हीपी ४.४ मिली. अर्धा तास ढवळा, बीजाला कोट बसू द्या. मग १० मिलिमोलर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ३.५ मिली (सोन्याच्या दुप्पट, हिशेबाने दीडपट पुरतं). आता ते १५ मिली सोनं सिरिंजने किंवा ब्युरेटने पाऊण तासात सावकाश सोडा. एकूण ८० मिली, पुन्हा ०.२५ मिलिमोलर.

घाई केली तर दोन गोष्टी होतात. सोनं बीजावर न बसता नवी बारीक केंद्रकं करतं, किंवा बीजावर टोकं फुटतात आणि रंग निळसर होतो. निळं दिसलं म्हणजे गोळा झालंच असं नाही, ते टोकेरी कणही असू शकतात. मिठाच्या चाचणीने फरक कळणार नाही, टीईएमच लागेल.

---

पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांचे आभार. देवगिरी सर, पीव्हीपी आधी घालून, बर्फात, २०:१ ने रंग लालसर तपकिरी आला, शिखर ५१२. पण डीएलएस अजूनही ४८ म्हणतंय. आणि धुण्यासाठी १२-१४ केडीएची (किलोडाल्टन, म्हणजे किती वजनापर्यंतचे रेणू बाहेर जातात ती मर्यादा) डायलिसिस पिशवी आहे, ती चालेल का?

---

देवगिरी_केम

पिशवी चालणार नाही. के-३० चं सरासरी वजन ४० हजारांच्या आसपास. १२-१४ केडीएच्या छिद्रांतून बोरेट आणि मीठ जाईल, पीव्हीपी आतच राहील. १०० केडीएची पिशवी आणा किंवा सेंट्रिफ्यूज करा. १५ नॅनोमीटरला १४,००० जी वर अर्धा तास पुरतो, पीव्हीपी किंवा पीईजी लावलेलं असेल तर जास्त वेळ. ५ नॅनोमीटर तुमच्या साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसणारच नाही, त्याला पिशवीच. तळाशी गर्द लाल, तेलकट थेंबासारखं दिसलं पाहिजे. नळीच्या भिंतीला काळी चकाकी चिकटली तर ते सोनं परत येत नाही.

डीएलएसचा ४८ हा आकडा आकार म्हणून लिहू नका. प्रकाश विखुरण्याची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातावर चालते. ६० नॅनोमीटरचा एक कण ६ नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा प्रकाश फेकतो. धुळीचा कण किंवा चार जुळलेले कण असले तरी सरासरी तिकडेच ओढली जाते. त्यात पीव्हीपीचा थरही मोजला जातो. नमुना ०.२२ मायक्रॉनच्या पीईएस फिल्टरमधून गाळा, पातळ करा, आणि संख्येनुसारचं वितरणही पाहा. पण प्रबंधात तीव्रतेचं आणि संख्येचं दोन्ही द्या, सोयीचं तेवढंच देऊ नका.

रोजच्या तपासणीला यूव्ही-व्हिजिबल पुरतं, नीट वाचलं तर. ४०० नॅनोमीटरवरचं शोषण बघा. १ सेंमी क्युव्हेटमध्ये ०.५ मिलिमोलर शून्य-संयुजी सोन्याला सुमारे १.२ येतं, म्हणजे तुमच्या ०.२५ ला ०.६. ०.४ आलं तर एकतर क्षपण अपुरं आहे किंवा सोनं भांड्याला चिकटलंय. ६५० आणि ५२० च्या शोषणाचं गुणोत्तर १५ च्या चांगल्या द्रावणात ०.१ च्या आसपास असतं. ते चढत गेलं की कण जुळताहेत. नुसत्या शिखराच्या जागेवरून आकार सांगायला जाऊ नका. ५ ते २० मध्ये ती जागा चार-पाच नॅनोमीटरच हलते, आणि पॉलिमरचा थर बसल्यावर एक-दोन नॅनोमीटर तशीही सरकते.

टीईएम प्रत्येक आकाराचा एकच पाठवा, पण धुतलेला. जास्तीचं पीव्हीपी ग्रिडवर करडा थर करतं आणि कडा पुसट होतात. ग्रिडवर घोळके दिसले तर घाबरू नका, थेंब वाळतानाही कण गोळा होतात. किमान २०० कण मोजा.

---

धावडा

पीव्हीपी, पीईजी दोन्ही मागवायला वेळ लागतो म्हणून कुणी बाजारातला डिंक वापरायचा विचार करत असेल तर थोडं. डिंक चांगला रक्षक आहे, गम अरेबिकवर तर भरपूर काम झालंय. पण किराणा दुकानात मिळणारा डिंक बाभळीचा, धावड्याचा की दोन्हींचं मिश्रण, हे दुकानदारालाही माहीत नसतं. बाभळीच्या सालीचे कण आले की टॅनिन येतं, आणि टॅनिन स्वतःच सोनं क्षपित करतं. मग आकार कुणाच्याच हातात राहत नाही. घ्यायचाच तर शुद्ध दर्जाचा, ०.४५ मायक्रॉनमधून गाळून. आणि द्रावण आठवड्यात बुरसटतं.

कोणतंही पॉलिमर असो, किमान किती लागतं ते ठरवायची पद्धत रसायनशास्त्रज्ञ झिग्मोंडी यांचीच आहे, अकरावी-बारावीत शिकलेला गोल्ड नंबर. १० मिली सोन्याच्या कलिलात १ मिली १० टक्के मीठ घातल्यावर रंग लालचा जांभळा होऊ न देणारे किमान मिलिग्रॅम. जिलेटिनला ०.००५ ते ०.०१, गम अरेबिकला ०.१५ च्या पुढे, बटाट्याच्या स्टार्चला २५ च्या आसपास. आकडा जितका लहान तितकं रक्षण चांगलं.

तुमच्यासाठी छोटं रूप: सायट्रेटचं १५ नॅनोमीटरचं द्रावण १-१ मिली सात कुप्यांत. पॉलिमरचं १ मिग्रॅ प्रति मिली द्रावण अनुक्रमे ०, १, २, ५, १०, २०, ५० मायक्रोलिटर. दहा मिनिटं थांबा. प्रत्येकीत १० टक्के मीठ १०० मायक्रोलिटर. दहा मिनिटांनी ५२० आणि ६५० वाचा. जिथून रंग टिकतो त्याच्या तीन ते पाचपट प्रत्यक्षात वापरा. शून्याच्या कुपीपेक्षा एखादी पॉलिमरवाली कुपी लवकर निळी पडली तर ते मोजण्यातली चूक समजू नका. अपुऱ्या प्रमाणात लांब साखळी दोन कणांवर एकदम बसते आणि त्यांनाच बांधते. के-९० सारख्या लांब पीव्हीपीत हे जास्त दिसतं.

---

काचपात्र

त्या मालिकेत नियंत्रण म्हणून एक कुपी मिठाऐवजी १०० मायक्रोलिटर पाण्याची ठेवा, नाहीतर नुसत्या पातळ होण्याने कमी झालेलं शोषण रंग उडाल्यासारखं वाचाल. आणि सात कुप्यांतलं सोनं बेसिनमध्ये सोडू नका. सगळ्या बॅचचं वाया गेलेलं द्रावण एका बाटलीत साठवा, मीठ पडलेलं आपोआप खाली बसतं.

---

पूर्णाकाठ (परभणी)

कंडक्टिव्हिटी मोजली, आमच्या डिस्टिल्ड पाण्याची ११ मायक्रोसीमेन्स यायलीय. आधी भांड्यातले क्षार काढतो, मग सायट्रेटची बॅच. तयार द्रावण फ्रीजरमध्ये ठेवलं तर?

---

सोलजेल

फ्रीजर नको. बर्फ होताना कण आणि क्षार उरलेल्या पाण्यात दाटतात आणि सायट्रेटवालं द्रावण वितळल्यावर काळपट गाळ देतं. ४ अंशांवर, काचेच्या स्वच्छ बाटलीत, अंधारात. बाटलीवर तारीख, पीव्हीपीचं प्रमाण आणि त्या दिवशीचं ४००, ५२०, ६५० चं शोषण लिहून ठेवा.